दादांनी पाठवलेली पावडर आईला द्यावी का?

पत्र: "माझी आई ५९ वर्षांची आहे. तिला स्तनाचा कॅन्सर आहे, हर-टू पॉझिटिव्ह (गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला). ऑपरेशनच्या आधी केमो चालू आहे: डोसेटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन आणि ट्रास्टुझुमॅब. सहापैकी दोन सायकल झाल्या. तिला डायबेटिसही आहे. माझा मोठा भाऊ नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असतो. गावाकडे येणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर त्याने सदरलँडिया नावाच्या झुडपाच्या पानांची पावडर आणि 'आफ्रिकन पोटॅटो'च्या कॅप्सूल पाठवल्या आहेत. सोबत मेलवर शोधनिबंधांचा गठ्ठा. प्रत्येकात 'कॅन्सरविरोधी क्षमता' असं लिहिलंय. दादा म्हणतो, तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या हे वापरतात, सदाफुलीतूनच कॅन्सरचं औषध निघालं ना, मग यात काय वाईट? डॉक्टरांना विचारू नकोस, ते नाहीच म्हणणार, असंही तो म्हणतो. आईने तीन-चार दिवस पावडरीचा काढा घेतलाय. कॅप्सूल अजून उघडलेल्या नाहीत. दादा लांब आहे, त्याला इथे काहीच करता येत नाही, म्हणून त्याचा जीव तुटतो. त्याचं मन मोडवत नाही. काय करू? नाहीच द्यायचं तर ही पाकिटं फेकून देऊ का?"

प्रिय मैत्रीण,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. केमो चालू असताना आईंना या दोन्हींतलं काहीही देऊ नका. तीन-चार दिवस काढा पोटात गेला म्हणून घाबरून जाऊ नका, पण तो आजच थांबवा आणि तिसऱ्या सायकलच्या आधी डॉक्टरांना सांगा. कोणत्या तारखांना घेतला, किती चमचे, किती पाण्यात उकळून, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर रागावतील म्हणून ही गोष्ट दडवली आणि पुढच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले, तर ते केमोमुळे वाढले की काढ्यामुळे, हे डॉक्टरांना कळायला मार्ग उरणार नाही. ते केमोलाच कारण धरतील, डोस कमी करतील किंवा सायकल पुढे ढकलतील. आईंच्या वाट्याचं औषध विनाकारण कमी होईल.

आता दादांचं म्हणणं. ते मी हसण्यावारी नेणार नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि आफ्रिकेतल्या झाडांनी कॅन्सरच्या उपचाराला जे दिलं आहे त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच ते नेमकं कसं मिळालं हे जरा सविस्तर सांगते. सदाफुलीची गोष्ट दादांनी अर्धीच ऐकलेली दिसते.

सदाफुली मूळची मादागास्करची. आपल्या अंगणांत, देवळांच्या आवारात, गॅलरीतल्या कुंड्यांत ती इतकी रुळली आहे की ती बाहेरची आहे हे सांगूनही पटत नाही. ती जिथे जिथे पोचली तिथे तिथे लोकांनी तिचा पाला डायबेटिसवर वापरला. आपल्याकडेही सकाळी उठून तिची पानं चावणारे कमी नाहीत. १९५२ मध्ये जमैकाहून अशाच पाल्याचं एक पाकीट कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आलं. तिथले लोक डायबेटिससाठी याचा चहा पितात, असं त्यांना कळवण्यात आलं होतं. त्यांनी ते आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे, वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. पाल्याचा अर्क उंदरांना पाजून पाहिला, तर साखर काही उतरली नाही. तो टोचल्यावर मात्र उंदीर जंतुसंसर्गाने दगावू लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. पांढऱ्या पेशी घटवणारा पदार्थ ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, उपयोगी पडेल, हा विचार तिथून पुढे आला. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी व्हिनब्लास्टीन वेगळं केलं. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीतले गॉर्डन स्वोबोडा स्वतंत्रपणे याच झाडावर काम करत होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिनब्लास्टीन आणि व्हिनक्रिस्टीन ही दोन्ही औषधं रुग्णांपर्यंत पोचली. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या ल्युकेमियावर आज जो इलाज होतो त्यात इतर औषधांच्या जोडीने व्हिनक्रिस्टीन असतंच.

यात दादांनी दोन गोष्टी पाहाव्यात असं मला वाटतं. पहिली, परंपरा या झाडाकडे साखरेसाठी पाहत होती. तिने शास्त्रज्ञांना झाडापर्यंत आणून सोडलं, हे तिचं ऋण मोठं आहे. पण ते कॅन्सरवर चालतं हे कळलं ते उंदरांच्या रक्तातून. दुसरी गोष्ट मात्रेची. एक ग्रॅम व्हिनब्लास्टीन मिळवायला सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात, एक ग्रॅम व्हिनक्रिस्टीनला सुमारे २००० किलो. मोठ्या माणसाला एका वेळी व्हिनक्रिस्टीन सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण त्यापुढे हातापायांच्या नसा दुखावतात. म्हणजे एका इंजेक्शनमागे चार किलोच्या आसपास वाळका पाला. त्या पाल्यात आणखी कितीतरी अल्कलॉइडं (झाडात तयार होणारी तीव्र रसायनं) असतात, त्यांतली काही रक्तदाबावर परिणाम करणारी. ती सगळी बाजूला काढून, एकच पदार्थ मिलिग्रॅममध्ये मोजून, थेट शिरेतून दिला तेव्हा ते औषध झालं. (हे वाचून कोणी अंगणातली सदाफुली उकळायला घेऊ नये. केमोत आधीच पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. त्या आणखी घटल्या तर साधा ताप जिवावर बेततो.)

आता तो शोधनिबंधांचा गठ्ठा. ते निबंध खोटे नाहीत. कॅमेरूनमधल्या द्शांग विद्यापीठातले व्हिक्टर क्वेटे आणि जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातले थॉमस एफर्ट यांच्या गटांनी अशा कामात बरीच वर्षं घातली आहेत. कॅमेरूनच्या बाजारात मिळणारे मसाले आणि औषधी मुळ्या आणायच्या, त्यांचे अर्क काढायचे आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या ल्युकेमियाच्या पेशींवर टाकायचे. त्यांतल्या काही पेशी अशा असतात की नेहमीच्या केमोला त्या दादच देत नाहीत. पेशींची निम्मी वाढ रोखायला किती अर्क लागतो हा आकडा मोजतात. एका मिलिलिटरमागे २० मायक्रोग्रॅमच्या आत तो आला तर अर्क पुढे तपासण्याजोगा, असा साधारण संकेत आहे. त्या कसोटीला उतरलेल्यांत तिथली 'झायलोपिया एथिओपिका' नावाची मिरीसारखी शेंग आहे, 'पायपर केपेन्स' हे मिरीच्या कुळातलं जंगली झुडूप आहे, आणि आलंही आहे. आपण चहात घालतो तेच आलं. आलं घातलेला चहा घेऊन कोणाचा ल्युकेमिया गेला नाही, हे आपल्याला माहीत आहे. तरीही तो आकडा खरा आहे. तो काचेच्या बशीतल्या पेशींबद्दलचा आहे, एवढंच.

दादांना एक काम सांगा. प्रत्येक निबंध उघडून त्यात प्रयोग कोणावर केला आहे ते पाहायला सांगा. एमसीएफ-७, हेला, सीसीआरएफ-सीईएम अशी नावं दिसली तर त्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आहेत. त्यापुढे उंदीर असतील. माणसांवरचा प्रयोग असलेला निबंध त्या गठ्ठ्यात सापडला, तर तो बहुधा आफ्रिकन पोटॅटोचा असेल, आणि तो त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचावा.

हा आफ्रिकन पोटॅटो म्हणजे बटाटा नव्हे. पिवळ्या चांदणीसारख्या फुलांच्या झाडाचा तो कंद, शास्त्रीय नाव हायपॉक्सिस हेमेरोकॅलिडिया. त्यात हायपॉक्सोसाइड नावाचा पदार्थ असतो. तो स्वतः निरुपद्रवी. पण मोठ्या आतड्यातले जंतू त्याच्यावरची साखर तोडतात आणि त्याचं रूपेरॉल होतं, आणि बशीतल्या कॅन्सरच्या पेशी रूपेरॉलने खरोखर मरतात. कल्पना सुरेख होती: गोळी तोंडाने घ्यायची, विष शरीरातच तयार होईल आणि गाठीपर्यंत जाईल. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २४ रुग्णांना हा अर्क दिला आणि १९९५ मध्ये निष्कर्ष छापले. औषधाने कोणाला अपाय झाला नाही. पण रुग्णांच्या रक्तात रूपेरॉल मोकळं असं सापडलंच नाही. आतड्यातून ते उचललं गेल्याबरोबर यकृताने त्याला दुसरे रेणू जोडून निष्प्रभ करून टाकलं होतं. यकृताचं रोजचं कामच ते आहे. १९ रुग्ण सरासरी चार महिने जगले, त्यांचा आजार वाढतच गेला. पाच जण वर्षापेक्षा जास्त जगले. त्यांतला एक पाच वर्षं जगला, आणि त्याच्या मूळ गाठीच्या जागी नंतर कॅन्सर आढळला नाही.

दादा त्या एकाकडे बोट दाखवतील. मीही कितीदा त्या एका माणसाचा विचार केला आहे. तो कॅप्सूलमुळे जगला का? तो प्रयोग औषध सोसवतं की नाही हे पाहण्यासाठी होता. तुलनेला औषध न घेणारा गट नव्हता. त्यामुळे हो म्हणता येत नाही आणि नाही असंही ठामपणे म्हणता येत नाही. पण उरलेल्या २३ जणांना सोडून त्या एकट्याच्या भरवशावर तुमच्या आईंनी काही घ्यावं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर आज असा उपचार आहे, ज्याचा गुण हजारो बायकांवर, तुलनेचा गट ठेवून तपासला गेला आहे.

या कंदाबद्दल आणखी एक गोष्ट दादांना जोहान्सबर्गमध्ये कोणीही सांगेल. २०००च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्यमंत्री मांटो त्शाबालाला-मसिमांग एचआयव्हीसाठी लसूण, बीट, लिंबू आणि हाच आफ्रिकन पोटॅटो सुचवत होत्या, आणि सरकार रुग्णांना एचआयव्हीची औषधं द्यायला टाळाटाळ करत होतं. त्या दिरंगाईत ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. कंदाने कोणाला मारलं असं मी म्हणत नाही. माणसं गेली ती खरं औषध न मिळाल्याने. त्या देशाने ही किंमत मोजलेली आहे, म्हणून मला ते सांगावंसं वाटलं.

सदरलँडियाला तिकडे 'कॅन्सर बुश' म्हणतात, म्हणून दादांची भिस्त त्याच्यावर जास्त असणार. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं लाल फुलांचं, शेंगा धरणारं झुडूप आहे ते. ताप, पोटाच्या तक्रारी, डायबेटिस, खंगत जाणं, अशा कितीतरी गोष्टींवर त्याचा कडू काढा देतात. २५ निरोगी माणसांवरच्या प्रयोगात त्यांतल्या साधारण निम्म्यांना तीन महिने रोज ८०० मिलिग्रॅम पानांची पावडर देऊन पाहिली, तेव्हा गंभीर असं काही घडलं नाही. २००७ मध्ये ते छापून आलं. हे वाचून तुम्हाला हायसं वाटेल. पण ती माणसं निरोगी होती, केमोवर नव्हती. पुढे दक्षिण आफ्रिकेच्याच क्वाझुलू-नाताल प्रांतात एचआयव्ही असलेल्या ५६ जणांवर जास्त मात्रेचा प्रयोग झाला. पावडरीने आजारात फरक पडला नाही. मात्र क्षयरोग होऊ नये म्हणून आयसोनियाझिड घेत असूनही दोघांना क्षय झाला, आणि ते दोघंही सदरलँडिया घेणाऱ्या गटातले निघाले. दोनच रुग्ण, योगायोगही असेल. पण झाडपाला औषधाच्या कामात आडवा आला असेल का, ही शंका संशोधकांनी गंभीरपणे नोंदवली.

आईंच्या बाबतीत ही शंका आणखी नेमकी आहे. डोसेटॅक्सेल शरीरातून बाहेर काढण्याचं काम यकृतातलं सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम करतं. सदरलँडिया आणि आफ्रिकन पोटॅटो, दोन्हींचे अर्क प्रयोगशाळेत याच एन्झाइमला अडवताना दिसले आहेत. तसंच आईंच्या शरीरात झालं तर डोसेटॅक्सेल रक्तात जास्त वेळ राहील, म्हणजे डॉक्टरांनी मोजून दिलेला डोस नकळत वाढेल. पांढऱ्या पेशी जास्त खाली जातील, तोंड येईल, जुलाब होतील. बशीतला परिणाम माणसात दिसेलच असं नाही, हे मी वर सांगितलं, ते इथेही लागू आहे. पण फायद्याचा पुरावा नसताना हा धोका आईंनी कशासाठी पत्करायचा? शिवाय त्यांना डायबेटिस आहे. डोसेटॅक्सेलबरोबर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, त्यांनी साखर वर जाते. हे झुडूप साखर उतरवण्यासाठीच वापरलं जातं. एकाच आठवड्यात साखर वर-खाली होऊ लागली तर डायबेटिसच्या गोळ्यांचा हिशेब कोणी कसा करायचा?

आता मला तुम्हाला एका आफ्रिकन झुडपाची गोष्ट सांगायची आहे, कारण ते तुमच्या आईंच्या आजाराशी थेट जोडलेलं आहे. इथिओपियात 'मायटेनस' कुळातलं एक झुडूप आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेसाठी जगभरातून झाडं गोळा केली जात होती, त्यांत ते आलं. १९७२ मध्ये मॉरिस कुपचान यांनी त्यातून मेटॅन्सीन वेगळं केलं. अतिशय जहाल पदार्थ, आणि झाडात अगदी नगण्य प्रमाणात. आणखी माल हवा म्हणून १९७६ मध्ये केनियातल्या शिंबा हिल्समधून त्याच कुळातलं दुसरं झुडूप टनावारी तोडून नेलं. तिथले दिगो लोक गाठींवर त्याचा उपयोग करत आले होते. काही वर्षांनी पुन्हा माल आणायला गेले तेव्हा तोडण्याजोगी झुडपं मिळेनात. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. ज्या लोकांनी ते झाड ओळखून ठेवलं होतं, त्यांच्या टेकडीवरूनच ते संपत आलं. सह्याद्रीत आपण नरक्या या झाडाचं तेच केलं. नरक्यात कॅम्प्टोथेसिन मिळतं. हा पदार्थ मूळ एका चिनी झाडातून वेगळा करणाऱ्या दोघांपैकी एक, मनसुख वाणी, नंदुरबारचे. त्याच्यापासून कॅन्सरची औषधं झाली, आणि इकडे डोंगरच्या डोंगर नरक्याला मुकले.

तर मेटॅन्सीन. रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि ते साफ फसलं. गाठ आटण्याइतकी मात्रा द्यावी तर उलट्या, जुलाब, यकृताला इजा, नसांना इजा. १९८०च्या दशकात ते बाजूला पडलं. झाडातला खरोखर ताकदवान पदार्थ, शुद्ध करून, मोजून, मोठ्या इस्पितळांत देऊनही माणसाला सोसवला नाही. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' असं कोणी म्हणालं की मला हीच चाचणी आठवते. पुढे संशोधकांनी त्याचंच थोडं बदललेलं रूप ट्रास्टुझुमॅबला जोडलं. आईंना चालू आहे तेच हे ट्रास्टुझुमॅब. ते हर-टू असलेल्या पेशीला शोधून चिकटतं, पेशी त्याला आत ओढून घेते, आणि विष मुख्यतः तिथे सुटतं. या जोडऔषधाचं नाव ट्रास्टुझुमॅब एमटान्सीन. २०१३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. झुडपात सापडलेला हा पदार्थ मुळात सूक्ष्मजंतू बनवतात असं नंतर दिसून आलं, आणि आता तो जंतूंच्या मदतीनेच कारखान्यात तयार करतात, त्यासाठी झाडं तोडावी लागत नाहीत.

आईंशी संबंध असा. ऑपरेशनआधीच्या केमोनंतर काढलेल्या गाठीत थोडा कॅन्सर उरलेला आढळला, तर अशा रुग्णांना पुढे नुसतं ट्रास्टुझुमॅब द्यावं की हे जोडऔषध, याची मोठी चाचणी झाली आहे. तीन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण जोडऔषधाच्या गटात ८८.३ टक्के होतं, नुसत्या ट्रास्टुझुमॅबच्या गटात ७७ टक्के. आईंना त्याची गरज पडूच नये, गाठ केमोतच पूर्ण विरघळावी, अशी मी मनापासून इच्छा करते. या वर्गातली आणखी नवी औषधंही आली आहेत. त्या वेळी काय द्यायचं ते डॉक्टर गाठीचा अहवाल पाहून ठरवतील. पण दादांना हे जरूर सांगा: आफ्रिकेतल्या झाडाचा उपयोग आईला व्हावा ही त्यांची इच्छा अवास्तव नाही, आणि तो होण्याची वाट आईंच्या इस्पितळातूनच जाते.

प्रत्येक वेळी असा चांगला शेवट होत नाही, हेही सांगायला हवं. दक्षिण आफ्रिकेतल्या 'कॉम्ब्रेटम कॅफ्रम' या झाडातून ॲरिझोनातल्या जॉर्ज पेटिट यांनी १९८०च्या दशकात कॉम्ब्रेटास्टॅटिन वेगळं केलं. कळलावीतलं विष पेशीत ज्या जागी चिकटतं, त्याच जागी हेही चिकटतं, आणि गाठीच्या रक्तवाहिन्या बंद पाडतं. माणसांवर बऱ्याच चाचण्या झाल्या, हृदयावरचे परिणाम दिसले. औषध म्हणून त्याला आजवर मान्यता मिळालेली नाही.

'डॉक्टरांना विचारू नकोस' हा दादांचा सल्ला मात्र मला अजिबात मान्य नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन अभ्यास छापले. एकात नेहमीचे उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार घेणारे रुग्ण होते. त्यांतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून अधिक निघाला. दुसऱ्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांच्या जोडीने पूरक उपचार घेणारे होते. त्यांच्यातही धोका दुप्पट दिसला, आणि त्याचं मुख्य कारण हे की त्यांतल्या अनेकांनी पुढे ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशन यांपैकी काहीतरी नाकारलं. मला काळजी त्या घसरणीची आहे. आज सोबत एक काढा, चौथ्या सायकलनंतर अंगात त्राण नसताना 'काढा चालू आहे ना, मग केमो कशाला' असं कोणीतरी घरात म्हणतं. त्या दिवशी आई इतक्या थकलेल्या असतील की त्यांना ते पटेल.

डॉक्टरांकडे गर्दी असते, ते दोन मिनिटं देतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मोजकं बोला: "आईने अमुक तारखांना हे घेतलं, आता बंद केलंय, यकृताची तपासणी पुन्हा करायची का, आणि साखर घरी किती वेळा बघू?" एवढं पुरतं. डॉक्टर चिडलेच तर गप्प बसून ऐकून घ्या आणि हाच प्रश्न तिथल्या केमोच्या नर्सबाईंना किंवा फार्मासिस्टना विचारा. त्यांचा अनुभव दांडगा असतो.

आईंशीही शांतपणे बोला. त्यांना काढा का घ्यावासा वाटला? मुलाने एवढ्या लांबून पाठवलं म्हणून, की रात्री झोप येत नाही, तोंडाला चव नाही, मळमळतं, बोटांना मुंग्या येतात म्हणून? यातल्या प्रत्येक तक्रारीवर इलाज आहे, पण आपल्या बायका 'एवढं तेवढं चालायचंच' म्हणून सांगत नाहीत. मुंग्यांचं तर लगेच सांगायला हवं, डोस ठरवताना त्याचा विचार करावा लागतो. आणि ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी इस्पितळ गाठायचं, घरी पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही.

दादांचं मन मोडू नका, त्यांना काम द्या. रिकाम्या हातांनी लांब बसणं फार कठीण असतं, आणि त्यातूनच अशी पाकिटं येतात. ट्रास्टुझुमॅब साधारण वर्षभर चालतं. तो खर्च, विम्याचे किंवा सरकारी योजनेचे कागद, बिलांचा हिशेब, हे सगळं जोहान्सबर्गहून फोनवर आणि मेलवर होऊ शकतं. सायकलच्या दिवशी आईंना तीन-चार तास खुर्चीत बसावं लागतं, त्या वेळी त्यांनी फोन करावा. आईंच्या साखरेचे आकडे तुम्ही रोज त्यांना पाठवा, तक्ता त्यांनी ठेवावा आणि तपासणीच्या आदल्या दिवशी तुम्हाला परत पाठवावा. आणि रजा साठवून ठेवून ऑपरेशनच्या सुमारास त्यांना प्रत्यक्ष येता आलं तर सर्वांत चांगलं. आईंना त्या आठवड्यात त्यांची गरज लागेल, आणि तुम्हालाही.

पाकिटांचं विचारलंत. लगेच फेकू नका. दोन्ही पाकिटं लेबलासकट एका पिशवीत घालून तिसऱ्या सायकलला सोबत न्या. नाव, मात्रा, कंपनी, काही मिसळलं असेल तर ते, सगळं डॉक्टरांना फाइलमध्ये नोंदवू द्या. कॅप्सूलचं सील तसंच राहू द्या. नोंद झाली की मग टाकून द्या, आणि दुसरं पार्सल निघण्याआधी दादांना फोन करा.